रोग आहे काय? आणि आहे तर कोठवर?

शाळेंत बत्तीस वर्षें संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, अशा माणसानें वैद्यकासारख्या विषयावर लेखणी उचलावी, हें कित्येक वाचकांस धाडसाचें वाटेल. आणि त्यांचें तें वाटणें अगदींच निराधार आहे असें मीही म्हणणार नाहीं. मी डॉक्टर नाहीं, वैद्यही नाहीं. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांत जें घडलें त्यामुळें जठराचा कर्करोग कसा ओळखतात, आणि ओळखल्यावर तो कोठवर गेला आहे हें कसें ठरवितात, याचा अभ्यास मला उतारवयांत विद्यार्थी होऊन करावा लागला. त्या वेळीं हा विषय कोणीं सरळ मराठींत समजावून दिला असता, तर आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या नसत्या. त्या चुका इतर घरांत होऊं नयेत, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

औषधानें बरें वाटलें, म्हणून…

माझे वडील बंधु अण्णा हे आमच्या एकत्र कुटुंबाचे कर्ते पुरुष. त्या वेळीं त्यांचें वय एकाहत्तर होतें. आहार मित, कसलेंही व्यसन नाहीं, पहाटे उठून दोन मैल फिरून येण्याचा नेम. एका दिवाळीनंतर त्यांना जेवतांना चार घासांतच पोट भरल्यासारखें होऊं लागलें. वहिनी एकदां मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचें जेवण निम्म्यावर आलें आहे. मला दाद देत नाहींत, तुम्ही तरी विचारा." मीं विचारलें. अण्णा हंसून म्हणाले, "अरे बापू, पित्त आहे तें. या वयांत पचन मंदावायचेंच."

त्या उत्तरानें आम्हां सर्वांचें समाधान झालें. मग आवळा झाला, सुंठ झाली, सोड्याची पूड झाली. आणि शेवटीं औषधांच्या दुकानांतून, कोणाही डॉक्टरास न विचारतां, जठरांतील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणल्या. गोळ्यांनीं जळजळ थांबली. अण्णा म्हणाले, "पाहिलेंस? पित्तच होतें." दोन महिन्यांनीं पुन्हां पोट दुखूं लागलें, तेव्हां पुतण्यानें त्यांना नेऊन सोनोग्राफी करविली. ती स्वच्छ आली. घरांत पेढे वांटले गेले.

या अवधींत अण्णांच्या कमरेचा पट्टा दोन भोकें आंत गेला होता. तो पट्टा मी रोज पाहत होतों. पांचव्या महिन्यांत जिना चढतांना त्यांना धाप लागली. रक्त तपासलें तर हिमोग्लोबिन आठावर आलेलें. मल काळा होतो ही गोष्ट त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच सांगितली, आणि तीही डॉक्टरांनीं खोदून विचारल्यावर.

माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यांतील उपशय म्हणजे अमुक औषधानें वा आहारानें आराम पडतो कीं नाहीं, यावरून रोगाची केलेली परीक्षा. हीं पांच नांवें मीं कित्येक विद्यार्थ्यांना समजावून दिलीं असतील. परंतु आपल्याच घरांत उपशयानें आपली फसवणूक चालविली आहे, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. जठराच्या कर्करोगांत हा साक्षीदार खोटा ठरूं शकतो. आम्ल कमी करणाऱ्या औषधानें कर्करोगाच्या व्रणाची जळजळही कमी होते; इतकेंच नव्हे, तर तो व्रण वरवर कांहीं काळ भरून आल्यासारखाही दिसतो. म्हणजे औषधानें बरें वाटलें, यावरून रोग साधा आहे असें सिद्ध होत नाहीं.

सोनोग्राफीच्या स्वच्छपणाचेंही तसेंच. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड हे अवयव तिला चांगले दिसतात. परंतु जठर हें वायूनें भरलेलें पोकळ इंद्रिय, आणि वायूंतून तिच्या ध्वनिलहरी नीट पार जात नाहींत. तेव्हां सोनोग्राफी स्वच्छ म्हणजे जठर स्वच्छ, हा आमचा तर्क मुळांतच चुकीचा होता. जठराविषयीं तिनें साक्ष दिलीच नव्हती. ती आम्हीं तिच्या तोंडीं घातली.

म्हणून घरोघरच्या कर्त्या माणसांनीं पुढील लक्षणें ध्यानांत ठेवावीं. पन्नाशी-साठीनंतर प्रथमच सुरू झालेला व न थांबणारा अपचनाचा त्रास, थोड्याच घासांत पोट भरणें, प्रयत्न न करतां वजन उतरणें, गिळतांना अडकणें, वारंवार उलटी होणें, उलटींतून रक्त पडणें किंवा मल डांबरासारखा काळा होणें, आणि कारण न सांपडणारा रक्तक्षय. यांपैकीं एक जरी असलें तरी घरगुती उपाय बाजूस ठेवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. यांतील बहुतेक लक्षणांचें कारण पुष्कळदां दुसरें व साधें निघतें. तसें निघालें तर उत्तमच. परंतु तें दुर्बिणीनें सांगावें, आपण सांगूं नये.

बादशहाची विजार आणि व्हिएन्नाची शस्त्रक्रिया

या रोगाच्या बाबतींत दोन प्रश्न असतात. पहिला, रोग आहे काय? दुसरा, आहे तर तो कोठवर पोहोंचला आहे? पहिल्याचें उत्तर म्हणजे निदान, दुसऱ्याचें उत्तर म्हणजे अवस्था-निर्णय. हे दोन प्रश्न भिन्न आहेत आणि दोहोंचीं उत्तरें उपचारापूर्वीं मिळालीं पाहिजेत, ही गोष्ट मानवजातीस फार किंमत देऊन शिकावी लागली. इतिहासांतील दोन उदाहरणांनीं तें चांगलें कळेल.

नेपोलियन बोनापार्ट हा ५ मे १८२१ रोजीं सेंट हेलिना बेटावर वारला. कित्येक महिने त्याला पोटदुखी व उलट्या होत होत्या. त्याचा बापही १७८५ सालीं जठराच्याच विकारानें गेला होता. भोंवतीं डॉक्टर असतांही जिवंतपणीं आंत पाहण्याचें कांहींच साधन नव्हतें. दुसऱ्या दिवशीं शवविच्छेदन झालें, तेव्हां जठरांत मोठा व्रण सांपडला. पुढें २००५ सालीं कांहीं संशोधकांनीं त्याच्या निरनिराळ्या काळांतील विजारींच्या कमरेचीं मापें घेतलीं, आणि अखेरच्या महिन्यांत त्याचें वजन दहा-अकरा किलोंनीं उतरलें असावें असा अंदाज केला. तें वाचतांना मला अण्णांचा पट्टा आठवला. २००७ सालीं तज्ज्ञांनीं त्या शवविच्छेदनाचीं टिपणें आजच्या मोजपट्टीस लावून रोगाची अवस्थाही ठरविली : कर्करोग, आणि तोही पुढच्या पायरीवरचा. म्हणजे बादशहाच्या बाबतींत दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, परंतु पहिलें मरणानंतर एका दिवसानें आणि दुसरें जवळजवळ दोनशें वर्षांनीं.

दुसरें उदाहरण व्हिएन्ना येथील. थिओडोर बिलरोट या शस्त्रवैद्यानें २९ जानेवारी १८८१ रोजीं एका ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगानें ग्रासलेला भाग कापून काढला व उरलेलें जठर आंतड्यास जोडलें. याआधीं दुसऱ्यांनीं केलेल्या अशा प्रयत्नांत रोगी दगावले होते. ही स्त्री मात्र शस्त्रक्रियेंतून सुखरूप उठली, जेवूं लागली. साऱ्या युरोपांत जयजयकार झाला. परंतु सुमारें चार महिन्यांनीं ती वारली, कारण रोग तिच्या यकृतापर्यंत पसरला होता. बिलरोटच्या हातांत कसर नव्हती. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यास ठाऊक होतें. दुसऱ्याचें उत्तर शोधण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें.

आज तें साधन आहे, नव्हे साधनें आहेत. परंतु साधन असून तें वापरूं न देणें ही चूक आपल्या घरांतून होऊं शकते. आमच्या घरांत ती झाली. तें पुढें येईलच. आधीं पहिला प्रश्न.

पहिला प्रश्न : रोग आहे काय?

जठराच्या आंत डोकावण्याचा पहिला धीट प्रयत्न जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें आडोल्फ कुसमाउल यानें १८६८ सालीं केला. गारुड्याप्रमाणें तलवार गिळून दाखविणाऱ्या एका माणसास त्यानें सरळ नळी गिळावयास लाविली! नळी आंत गेली. परंतु उजेड पुरेसा नसल्यानें दिसलें फारसें नाहीं. नळी वांकली पाहिजे व प्रकाशही तिच्याबरोबर वांकला पाहिजे, ही खरी अडचण होती. ती सोडविण्यांत आपल्या पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वांटा आहे. हॉपकिन्स या इंग्रज प्राध्यापकाबरोबर त्यांनीं कांचेच्या केंसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेण्याची रीति १९५४ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या आधारें १९५७ सालीं अमेरिकेंत मिशिगन येथें बॅझिल हिर्शोविट्झ यांनीं वांकणारी दुर्बीण सिद्ध केली, आणि ती प्रथम स्वतःच गिळून पाहिली. पुढें तंतूंची जागा टोंकास बसविलेल्या सूक्ष्म कॅमेऱ्यानें घेतली.

या तपासणीस एंडोस्कोपी म्हणतात. तिची भीति घरांत फार असते, म्हणून प्रत्यक्ष काय होतें तें सांगतों. आदल्या रात्रीपासून, निदान सहा ते आठ तास, पोट रिकामें ठेवावें लागतें. घसा औषधाच्या फवाऱ्यानें बधिर करतात. जरूर तर गुंगीचें इंजेक्शन देतात. डाव्या कुशीवर निजवून करंगळीएवढी जाड, मऊ नळी तोंडावाटे आंत सोडतात. ओकारी आल्यासारखें होतें, परंतु श्वास कोंडत नाहीं. सर्व काम बहुधा पंधरा मिनिटांच्या आंत आटपतें. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास, किंवा दमा वा हृदयविकार असल्यास, तें आधींच सांगावें. अशीं औषधें आपल्याच मनानें बंद मात्र करूं नयेत.

संशयास्पद जागा दिसली कीं तिच्या कडेचे व तळाचे तांदळाच्या कणीएवढे सहा ते आठ तुकडे चिमट्यानें घेतात. ही बायॉप्सी. "तुकडा काढला कीं रोग भडकतो," हें वाक्य आमच्या माजघरांत त्या दिवसांत निदान दहा वेळां उच्चारलें गेलें. दुर्बिणींतून जठराचे असे तुकडे घेतल्यानें रोग पसरतो, या समजुतीस आधार नाहीं. उलट तुकडे पुरेसे न घेतल्यास रोग निसटून जाण्याचा धोका खरा आहे. कारण निदानाचा अखेरचा निर्णय डोळ्यांनीं दिसणाऱ्या व्रणावर होत नसतो. रोगविकृतितज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहून तो देतो. जठराच्या कर्करोगांपैकीं बहुतेक ग्रंथिल पेशींपासून होणारे, म्हणजे अडिनोकार्सिनोमा या जातीचे असतात. परंतु लिम्फोमासारखे दुसरे प्रकारही तेथेंच होतात, आणि त्यांचे उपचार सर्वस्वीं निराळे आहेत. म्हणून तुकड्यावांचून औषध नाहीं.

येथें दोन इशारे. एका प्रकारांत कर्करोग अस्तराच्या खालून पसरतो व जठर कातड्याच्या पखालीसारखें ताठ होतें. तेव्हां वरवरच्या तुकड्यांत कांहींच न सांपडणें शक्य असतें. डॉक्टर पुन्हां, अधिक खोल तुकडे घेऊं म्हणाले तर त्यांच्यावर रागावूं नये. आणि जठराचा व्रण साधा ठरला, तरी उपचारानंतर दीड-दोन महिन्यांनीं दुर्बीण पुन्हां घालून तो खरोखर भरला कीं नाहीं हें पाहण्यास सांगितलें, तर तें टाळूं नये. रक्ताच्या चांचणीवरून हा कर्करोग ओळखूं, असें कोणी म्हटल्यास त्यावर विसंबूं नये. सीईए, सीए १९-९ या चांचण्या रोग ठाऊक झाल्यावर त्याचा मागोवा घेण्यास कधीं उपयोगीं पडतात, रोग आहे वा नाहीं हें ठरविण्यास त्या पुरेशा नाहींत.

दुसरा प्रश्न : कोठवर?

अण्णांच्या बायॉप्सीचा अहवाल आठव्या दिवशीं आला : अडिनोकार्सिनोमा. घरांत रडारड झाली. आणि ती ओसरतांच एकच धोशा सुरू झाला, 'आतां वेळ घालवूं नका, उद्यांच्या उद्यां कापून काढा.' डॉक्टर म्हणाले, "आधीं अवस्था ठरवूं या." आम्हांला तें चालढकलीसारखें वाटलें. वास्तविक सुश्रुतांनींही संचयापासून भेदापर्यंत विकाराच्या सहा अवस्था सांगून, ज्या अवस्थेंत त्यास गांठावें तिच्यानुरूप क्रिया करावी असें सांगितलें आहे. त्यांच्या अवस्था आणि आजच्या अवस्था एक नव्हेत. परंतु अवस्था ओळखल्यावांचून क्रिया नाहीं, हें सूत्र तेंच आहे.

आजच्या पद्धतीचा पाया पिएर दनुआ या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १९४३ ते १९५२ या काळांत घातला. तींत तीन अक्षरें आहेत : टी, एन आणि एम.

'टी' म्हणजे मूळ गांठ किती खोल गेली. जठराची भिंत आपल्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखी थरांची असते. आंतील अस्तर व त्याखालचा थर एवढ्यांतच रोग असेल तर टी-१. स्नायूंच्या थरांत शिरला तर टी-२. स्नायु ओलांडून बाहेरच्या आवरणाच्या लगत आला तर टी-३. आवरण फोडून बाहेर पडला किंवा शेजारच्या अवयवांत घुसला तर टी-४. 'एन' म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींपैकीं किती बाधित झाल्या : एकही नाहीं तर शून्य, एक-दोन असल्यास एन-१, तीन ते सहा असल्यास एन-२, सात वा अधिक असल्यास एन-३. 'एम' म्हणजे रोग दूर गेला आहे काय : यकृतांत, फुप्फुसांत, पोटाच्या आंतील पडद्यावर, दूरच्या ग्रंथींत. या तिहींच्या मेळानें पहिली ते चवथी अशी अवस्था ठरते. जपानी तज्ज्ञांनीं १९६२ सालीं टी-१ एवढ्याच खोलीच्या रोगास 'आरंभींचा कर्करोग' असें नांव देऊन त्याचे प्रकार पाडले, आणि १९८३ पासून तेथें त्याच्या शोधासाठीं देशभर तपासण्या सुरू झाल्या. असा आरंभींचा रोग पुष्कळदां बरा होतो. कांहीं निवडक रोग्यांत तर तो पोट न उघडतां दुर्बिणींतूनच खरवडून काढतां येतो.

आतां हीं अक्षरें शोधण्याच्या तपासण्या. प्रत्येकीचा एक गुण व एक मर्यादा आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे 'इतक्या कशाला?' हा प्रश्न उरत नाहीं.

आरंभ हातानेंच होतो. डॉक्टरांनीं अण्णांच्या डाव्या हांसळीच्या वर बोटें फिरविलीं. तेथें गांठ लागल्यास ती पोटांतील कर्करोगाची खूण असूं शकते, हें फिरशॉ या जर्मन शास्त्रज्ञानें १८४८ सालींच दाखविलें होतें. साध्या दोन बोटांनीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कधीं कधीं मिळून जातें.

मग छातीपासून ओटीपोटापर्यंत सीटी स्कॅन. शिरेंतून रंगद्रव्य देऊन हीं छायाचित्रें घेतात; त्यापूर्वीं मूत्रपिंडें ठीक आहेत कीं नाहींत हें क्रिएटिनिनच्या चांचणीनें पाहतात. पूर्वीं रंगद्रव्याचा त्रास झाला असल्यास सांगावें. यकृतावरील व फुप्फुसांतील गांठी, सुजलेल्या ग्रंथि या तपासणींत चांगल्या दिसतात. परंतु मोहरीच्या दाण्याहून बारीक असे कण तिला बहुधा दिसत नाहींत.

रोग उथळ वाटत असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करतात. दुर्बिणीच्या टोंकाशीं ध्वनिलहरींचें यंत्र असतें. तें जठराच्या आंतच असल्यानें मधल्या वायूची अडचण टळते, आणि भिंतीचे थर निरनिराळे दिसतात. टी ठरविण्यास याचा उपयोग. दूरचें मात्र त्यास दिसत नाहीं.

पेट स्कॅनमध्यें किरणोत्सर्गी साखर टोचतात. जी पेशी ती अधाशीपणें ओढून घेते ती चमकते. तपासणी महाग आहे, व 'सर्वांत महाग ती सर्वांत खरी' अशी आपली समजूत असते. परंतु जठराच्या कर्करोगाच्या कांहीं जाति, विशेषतः मुद्रिकेसारख्या पेशींची जात, ही साखर फारशी घेतच नाहींत. तेव्हां कांहीं चमकलें नाहीं म्हणजे कांहीं नाहीं असें समजूं नये.

शेवटची तपासणी लॅपरोस्कोपी. रोग टी-२ च्या पुढें गेल्याचा संशय असेल व सीटींत दूर पसरल्याचें दिसलें नसेल, तेव्हां ती करतात. पूर्ण भूल देऊन, बेंबीजवळ लहान छिद्र पाडून, पोटाच्या पोकळींत दुर्बीण घालतात. आंतील पडदा, यकृताचा पृष्ठभाग, जठराची बाहेरची बाजू प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहतात; संशयित जागेचा तुकडा घेतात; आणि खारें पाणी घालून, तें पुन्हां ओढून घेऊन, त्यांत कर्करोगाच्या पेशी सांपडतात काय हें तपासतात. डोळ्यांस कांहीं न दिसतां नुसत्या त्या धुवणांत पेशी सांपडल्या, तरी रोग दूर पसरला असेंच धरतात. नेदरलंड्समधील सुमारें चारशें रोग्यांवरील एक अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. आधींच्या तपासण्यांवरून शस्त्रक्रियेस योग्य वाटलेल्या, परंतु गांठ खोल गेलेल्या रोग्यांचा तो होता. पेट स्कॅननें त्यांतील सुमारें तीन टक्क्यांमध्यें, तर लॅपरोस्कोपीनें सुमारें एकोणीस टक्क्यांमध्यें, रोग दूर पसरल्याचें उघडकीस आणलें. म्हणजे दर पांचांत जवळजवळ एक.

राईहून बारीक

अण्णांचा सीटी स्कॅन फारसा वाईट नव्हता. यकृत स्वच्छ, फुप्फुसें स्वच्छ. घरांत पुन्हां धीर आला. आणि मग डॉक्टरांनीं लॅपरोस्कोपी सुचविली.

घरांत वाद माजला. पुतण्या म्हणाला, "काका, छायाचित्रांत कांहीं नाहीं, मग पुन्हां भूल कशाला? एकदांच काय तें पोट उघडा." माझेंही मत तेंच होतें, आणि घरांत चार पुस्तकें वाचलेला म्हणून माझ्या मताला वजन होतें. आम्हीं दुसऱ्या दोन ठिकाणीं विचारलें, पत्रिका पाहिली, पंधरा दिवस संमति दिली नाहीं. ही आमची दुसरी चूक. शेवटीं अण्णाच म्हणाले, "बापू, परीक्षकानें सर्व पानें पाहिल्याशिवाय गुण द्यावेत काय? पाहूं दे त्यांना."

लॅपरोस्कोपी झाली. पाऊण तासांत शस्त्रवैद्य बाहेर आले. पोटाच्या पडद्यावर राईहून बारीक, पांढरे कण सर्वत्र विखुरलेले होते. त्यांनीं त्यांतील कांहीं तपासणीस घेतले व छिद्रें शिवून टाकलीं. मोठी शस्त्रक्रिया करणार नाहीं म्हणून सांगितलें. पुतण्या संतापला. 'कांहींच केलें नाहीं,' असें आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांस कित्येक दिवस सांगत होतों.

पुष्कळ केलें होतें, हें समजावयास मला वेळ लागला. तें छिद्र न पाडतां पोट उघडलें असतें, तर दोन गोष्टींपैकीं एक झाली असती : जठर काढून, महिना-दीड महिना अंथरुणांत घालवून, अण्णांना व्हिएन्नाच्या त्या स्त्रीच्या वाटेनें जावें लागलें असतें, किंवा पोट उघडून, पाहून, तें तसेंच शिवावें लागलें असतें. दोन्ही टळलें. तुकड्यावर एचईआर-२ वगैरे चांचण्या करून औषधें निवडलीं, आणि तीं सुरू झालीं. अण्णा त्यानंतर चौदा महिने जगले. त्यांतील पहिले दहा महिने ते घरांत हिंडते-फिरते होते, थोडें थोडें पण आवडीचें खात होते, आणि नातीच्या लग्नांत त्यांनीं स्वतः अक्षता टाकल्या.

त्यांना खरें सांगावें कीं नाहीं, यावरही घरांत दोन तट होते. तो प्रश्न त्यांनींच सोडविला. लॅपरोस्कोपीच्या तिसऱ्या दिवशीं मला जवळ बसवून म्हणाले, "आंत काय दिसलें तें सांग. मला व्यवहार उरकायचे आहेत, आणि तुझा चेहरा काही लपवीत नाहीं." मीं सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरें झालें. आतां निदान ठाऊक तरी आहे." रोग्याच्या देहांत काय आहे, हें जाणण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे, हें मीं त्या दिवशीं शिकलों.

आमची पांच महिन्यांची दिरंगाई झाली नसती तर ते कण तेथें नसते काय? याचें उत्तर कोणी डॉक्टर देऊं शकला नाहीं, आणि मीही देऊं शकत नाहीं. तो प्रश्न माझ्यापाशीं राहिला आहे.

घरांतील कर्त्या माणसांसाठीं

शेवटीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. सर्व अहवाल तारखेच्या क्रमानें एका फाइलींत ठेवावे. बायॉप्सीचे मेणांतील ठोकळे व कांचपट्ट्या जपून ठेवल्या आहेत काय हें प्रयोगशाळेंत विचारावें, कारण दुसरें मत घेतांना किंवा नव्या चांचणीस त्याच लागतात. प्रत्येक तपासणीपूर्वीं डॉक्टरांस एकच प्रश्न विचारावा : "या तपासणीचें उत्तर अमुक आलें तर उपचार कोणता, आणि तमुक आलें तर कोणता?" या प्रश्नाचें सरळ उत्तर मिळालें कीं ती तपासणी कशासाठीं आहे हें आपोआप कळतें. अवस्था एकदां ठरली म्हणजे ती अखेरची, असेंही नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वींची अवस्था हा अनुमानाचा निकाल. काढलेलें जठर व निदान सोळा ग्रंथि तपासल्यावर मिळते ती प्रत्यक्ष प्रमाणाची. पुष्कळ रोग्यांत आधीं औषधें देऊन मग शस्त्रक्रिया करतात, तेव्हां मध्यें पुन्हां तपासणी होते. ती पुनरुक्ति समजूं नये.

आणखी एक. जठरांत वस्ती करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु या रोगाचें एक मोठें कारण आहे, असें १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ठरविलें. तो शोधून काढणाऱ्या मार्शल व वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. श्वासाच्या वा मलाच्या चांचणीनें तो ओळखतां येतो व औषधांनीं घालवितां येतो. चांचणीपूर्वीं दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या त्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहींतर जंतु असूनही तो दिसत नाहीं. त्या गोळ्या येथेंही खोटी साक्ष देववितात! अण्णांच्या मागें आम्हां भावंडांनीं व त्यांच्या मुलांनीं ही चांचणी करून घेतली. माझी सदोष आली, औषध घेतलें, पुन्हां केली तेव्हां निर्दोष आली. दुर्बीणही घालून घेतली. वहिनी दाराशीं बसून होत्या. बाहेर आलों तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "भाऊजी, आंत पाहिलें ना नीट?"

"पाहिलें," मीं म्हटलें.

त्यांचा पट्टा अजून खुंटीवर आहे. वहिनींनीं तो काढूं दिला नाहीं. घरांत कोणाचें जेवण कमी झालें कीं आतां कोणी 'पित्त आहे' म्हणत नाहीं. कोणीतरी त्या खुंटीकडे पाहतें, आणि डॉक्टरांची वेळ ठरवितें.